धंद्याचा हिशेब जुलैत मांडा : गोव्यात पहिल्यांदाच व्यवसायात उतरणाऱ्यांसाठी

गोव्यात धंदा सुरू करायचा विचार बहुतेकांच्या डोक्यात डिसेंबरात येतो. कळंगुटच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली, हॉटेलं भरलेली, ऑम्लेट-पावच्या गाड्यापुढे दहा माणसं ताटकळत उभी. मग वाटतं, एवढ्यातले चाळीस-पन्नास जण आपल्याकडे वळले तरी झालं. जानेवारीत जागा शोधायची, फेब्रुवारीत करार, मार्चभर रंगरंगोटी आणि अक्षय्य तृतीयेला उद्घाटन. पाठोपाठ मृग लागतो आणि रस्ता रिकामा होतो.

लोकांचे हिशेब आणि परवान्यांची कागदपत्रं बघणं हे माझं फोंड्यातलं रोजचं काम. नव्याने येणारे परवाने, कर आणि भांडवल यांना भिऊन असतात. या तिन्ही गोष्टी निस्तरता येतात. धंदा बसतो तो ज्यांची कुणाला भीतीच वाटली नव्हती अशा गोष्टींनी: रिकामा पावसाळा, न धरलेली स्वतःची मजुरी, घरमालकाचा तोंडी शब्द, हॉटेलवाल्याकडे अडकलेलं बिल. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने घ्या. जागेचा करार चौथ्या पायरीवर आहे, तो मुद्दाम.

पहिली पायरी: गिऱ्हाईक पावसात शोधा

‘गोव्यात पर्यटक आहेत म्हणजे गिऱ्हाईक आहे’ ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. पर्यटकाचा हंगाम साधारण ऑक्टोबरात सुरू होतो, नाताळ-नवीन वर्षाला टोक गाठतो आणि मार्चनंतर ओसरतो. हल्ली पावसाळ्यातही लोक येतात हे खरं, पण ते शनिवार-रविवारी आणि ठरावीक भागांत. भाडं, पगार आणि कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने चालू.

एक छोटा कॅफे धरू. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. भाडं २५,०००, दोन माणसांचा पगार ३०,०००, वीज-पाणी ७,०००, हप्ता १२,०००. म्हणजे शटर उघडलं तरी आणि नाही उघडलं तरी महिन्याला ७४,००० जाणार. शंभर रुपयांच्या विक्रीत साहित्य जाऊन ५५ रुपये उरत असतील, तर नुसतं बरोबरीत यायला महिन्याला सुमारे १ लाख ३५ हजारांची विक्री लागेल. महिन्याचे २६ दिवस आणि माणशी १५० रुपये बिल धरलं तर रोज ३५ गिऱ्हाइकं. जुलैत पस्तीसच्या जागी वीसच आली तर महिन्याला ३१,००० रुपयांची तूट. जून ते सप्टेंबर मिळून सव्वा लाख. हा सव्वा लाख उद्घाटनाच्या दिवशी बँकेत वेगळा पडलेला असला पाहिजे. नसेल, तर उद्घाटन ऑक्टोबरवर ढकला.

आता गिऱ्हाइकाकडे बघू. ज्या भागात धंदा करायचा तिथे भर पावसातल्या मंगळवारी सकाळी आणि संध्याकाळी जाऊन उभे राहा. वर्दळ मोजा, शेजारच्या दुकानात काय खपतंय ते बघा. बारा महिने चालणारी गर्दी गोव्यात भरपूर आहे, फक्त ती किनाऱ्यावर नसते. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात रुग्णांचे नातेवाईक रोज येतात. वेर्णे, कुंडई, मडकई, बेतोडे, थिवी इथल्या औद्योगिक वसाहतींत पाळ्या बदलतात तेव्हा शेकडो माणसांना चहा आणि पोटभर जेवण लागतं. पणजीत कचेऱ्यांचे डबे आहेत. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पावसातही भरतो.

गोव्याच्या घराचं स्वतःचं एक पंचांग असतं, तेही धंद्यात धरा. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी होते. ख्रिस्ती बांधवांचं पुरुमेंताचं फेस्त याच बेगमीच्या बाजारावर उभं आहे: सुकी मासळी, मिरची, सोलं, चिंच, कांदे. चवथीच्या आधी माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचा, बाजार भरतो आणि त्या आठवड्यात घराघरांत पैसा बाहेर निघतो. मसाला, फराळ, पूजेचं साहित्य किंवा पितळी भांडी विकणाऱ्याला पर्यटकापेक्षा हे दोन हंगाम जास्त देतात.

एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबणं हा या गैरसमजाचाच दुसरा भाग. डिचोली, सत्तरी, सांगे इथल्या माणसांना हे सांगायला नको. सप्टेंबर २०१२ मध्ये खनिज काम थांबलं आणि कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. पुढे काम सुरू झालं, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चमध्ये पुन्हा सगळं थांबलं. फटका फक्त ट्रकमालकांना बसला नाही. टायरवाले, गॅरेजवाले, रस्त्यावरचे चहावाले, भुसारी दुकानदार, सगळे त्याच एका गिऱ्हाइकाच्या रांगेत होते. तुमच्या विक्रीतला अर्ध्याहून जास्त वाटा एका हॉटेलकडून किंवा एका कारखान्याकडून येत असेल, तर ही गोष्ट डोळ्यापुढे असू द्या.

दुसरी पायरी: एका नगाचा हिशेब कागदावर

‘माल चाळीस-पंचेचाळिसात पडतो, एकशेवीसला विकतो, म्हणजे तिप्पट नफा.’ घरगुती फराळ विकू पाहणाऱ्यांकडून हे वाक्य चवथीच्या आधी हमखास ऐकू येतं.

नेवऱ्यांचं (करंज्यांचं) एक पाकीट घेऊ, छापील किंमत १२० रुपये. दुकानदार वीस टक्के ठेवतो, तुमच्या हातात ९६ येतात. खोबरं, रवा, मैदा, साखर, तेल मिळून ४६. डबा आणि लेबल ९. गॅस ५. दुकानांपर्यंत पोचवायचं पेट्रोल ६. झाले ६६. पाकिटामागे ३० रुपये राहिले असं वाटतं. पण शंभर पाकिटं ठेवली की सात-आठ परत येतातच, मोडलेली किंवा मऊ पडलेली. आठ परत आली तर ९२ पाकिटांचे ८,८३२ रुपये मिळाले आणि खर्च शंभरांचा, ६,६००. उरले २,२३२. आता शंभर पाकिटं करायला दोन बायकांचा दीड-दीड दिवस गेला. दिवसाला ६०० मजुरी धरली तर १,८०० रुपये. हातात ४३२. पाकिटामागे सव्वाचार रुपये!

इथे बहुतेक जणी म्हणतात, “पण मजुरी कुठे द्यायची आहे, मी आणि जाऊबाईच करतो.” ठीक आहे, पहिल्या वर्षी नका काढू खिशातून. पण हिशेबात धराच. जाऊबाई आजारी पडल्या किंवा मागणी दुप्पट झाली, की बाहेरची बाई लावावी लागेल आणि तेव्हा कळेल की किंमत पहिल्या दिवसापासून चुकली होती. वाढवलेली किंमत गिऱ्हाइकाला पचायला वेळ लागतो.

‘स्वस्त दिलं की खपतं’ यावरही माझा फारसा विश्वास नाही. स्वस्ताईच्या शर्यतीत मोठा कारखाना तुम्हाला नेहमीच हरवणार. गोव्यात लोक चांगल्या मालाला पैसे देतात. खोला किंवा हरमल गावची मिरची साध्या मिरचीपेक्षा महाग विकली जाते. या दोन्ही मिरच्या, खाजं आणि काजूची फेणी यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालालाच लावता येतं. फक्त एक: ‘खोल्याची मिरची’ असं लेबल लावून आत दुसरीच मिरची भरायची नाही. भौगोलिक निर्देशांकाचं नाव असं वापरणं हा कायद्याने गुन्हा आहे.

तिसरी पायरी: जागा न घेता तीन महिने विका

दुकान घेतल्याशिवाय धंदा सुरू होत नाही, असं काही नाही. घरून, जत्रेतल्या स्टॉलवर, महिला मंडळाच्या विक्रीत किंवा दोन ओळखीच्या दुकानांत माल ठेवून बघा. नातेवाइकांनी घेतलेला माल मोजू नका, ते कौतुकाने घेतात. अनोळखी माणूस दुसऱ्यांदा आला तर ते गिऱ्हाईक. तीन महिने वही ठेवा: काय खपलं, काय परत आलं, लोकांनी काय मागितलं जे तुमच्याकडे नव्हतं. बऱ्याचदा या शेवटच्या रकान्यातच खरा धंदा सापडतो.

‘घरून करतो, मग परवाना कशाला’ ही समजूत मात्र इथेच सोडा. खाण्याची वस्तू विकायची तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी घरच्या स्वयंपाकघरालाही लागते. लहान उलाढालीसाठी साधी नोंदणी पुरते. अर्ज ऑनलाइन होतो आणि गोव्यात हे काम बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासन संचालनालयाकडे आहे. मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा. पाकीटबंद मालावर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावं, सर्व करांसह किंमत, तुमचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन हेही हवं. इलेक्ट्रॉनिक काट्याचं मुद्रांकन वजन-मापे खात्याकडून दर वर्षी करून घ्यावं लागतं. हे शेवटचं फार जण विसरतात.

चौथी पायरी: जागेचे कागद स्वतः बघा

जागा बघताना एक प्रसंग ठरलेला. भाटकार, म्हणजे जागेचे मालक, अंगणात खुर्ची टाकून बसलेले, नवा माणूस चाचरत विचारतो, “परवान्याचं काही अडणार नाही ना, बाब?” भाटकार हसून म्हणतात, “तूं कित्याक भियेता (तू कशाला घाबरतोस)? पंचायतींत सगळे आमचेच.” माणूस खूश होऊन अनामत देतो. पंचायत निवडणुकीत बदलते, शेजारी तक्रार करतो आणि आपलेच असलेले सगळे एकदम कुणाचेच नसतात.

म्हणून अनामत देण्याआधी कागद मागा. महाराष्ट्रातून आलेल्यांना सातबारा माहीत असतो, गोव्यात त्याच्या जागी एक-चौदाचा उतारा आहे. त्यावर मालक कोण, कूळ किंवा मुंडकार (भाटकारांच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हणून कुणाची नोंद आहे का, ते दिसतं. जमीन बिगरशेती झाली असेल तर सनद असते. इमारतीचा बांधकाम परवाना आणि वापर दाखला, घर क्रमांक, चालू वर्षाच्या घरपट्टीची पावती बघा, आणि ती घरपट्टी राहण्याच्या घराची आहे की व्यापारी जागेची तेही. कोमुनिदादच्या, म्हणजे गावसंस्थेच्या सामाईक, जमिनीवर जागा असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. घरगुती वीजजोडणीवर दुकान चालवलं तर तो अनधिकृत वापर ठरतो आणि २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे त्याची आकारणी दुप्पट दराने होते. ते बिल भाटकारांच्या नावे येतं आणि भरायला तुम्ही.

समुद्रकाठी आणखी एक थर आहे. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत आणि भरती-ओहोटीच्या नद्या-खाड्यांच्या काठीही किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागतात. साधी पत्र्याची शेड टाकायलाही गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची परवानगी लागू शकते. ‘अमक्याची शॅक (किनाऱ्यावरचं तात्पुरतं हॉटेल) आहे, तो चालवायला देतोय’ असं कुणी म्हटलं तर तिथूनच परत फिरा. शॅक ज्याच्या नावे मिळाली त्याने ती पोटभाड्याने देणं सरकारी धोरणातच निषिद्ध आहे. पकडली गेली तर त्याचा परवाना जातो आणि तुमचे पैसेही. घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या असतील तरी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. मोबाइलवरच्या ॲपवर खोली टाकली की झालं, असं समजणारे अजून आहेत.

करार हा सगळ्यात दुर्लक्षित कागद. अकरा महिन्यांचा करार सोपा म्हणून सगळे करतात. तुम्ही आत तीन-चार लाखांचं फर्निचर आणि ओटा करता आणि बाराव्या महिन्यात भाडं दीडपट होतं. खर्च मोठा असेल तर निदान तीन वर्षांचा करार करा, तो नोंदवा, दर वर्षी भाडं किती वाढणार ते आकड्यात लिहा. मुदतीआधी कुणी सोडलं किंवा सोडायला लावलं तर अनामतीचं काय, हेही लिहा. पावसाळ्यातल्या चार महिन्यांचं भाडं कमी मागायला लाजू नका. किनाऱ्याजवळचे मालक पुष्कळदा कबूल होतात, पण ते करार होण्याआधी विचारलं तर.

पाचवी पायरी: नोंदण्या, आणि कोणती कशासाठी

‘धंदा म्हणजे कंपनी काढायला हवी.’ मुळीच नाही. एकट्याच्या लहान धंद्याला स्वतःच्या पॅनवरची एकल मालकी पुरते. खासगी मर्यादित कंपनी केली की उलाढाल शून्य असली तरी दर वर्षी लेखापरीक्षण आणि कंपनी निबंधकाकडे विवरणपत्रं आलीच. वार्षिक विवरणपत्राला उशीर झाला तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये चढतात. बाहेरचं भांडवल घ्यायचं असेल किंवा कामातली जोखीम मोठी असेल तर कंपनी जरूर काढा. व्हिजिटिंग कार्डावर शोभतं म्हणून काढली तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

कंपनीच्या नावाची नोंदणी झाली म्हणजे ते नाव बाजारात तुमचं झालं, असंही नाही. त्यासाठी ट्रेडमार्क वेगळा. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गाला, म्हणजे मालाच्या एका प्रकाराला, ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं टिकते.

उद्यम नोंदणी फुकट आहे. आधार आणि पॅन लागतं, कागद चढवावे लागत नाहीत. सरकारी संकेतस्थळासारखी दिसणारी खासगी पानं यासाठी दीड-दोन हजार घेतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना ते बघा. आणि उद्यम प्रमाणपत्र हा धंद्याचा परवाना नव्हे. त्यावर कर्ज आणि सवलती मिळायला मदत होते, दुकान उघडायला पंचायतीचा किंवा नगरपालिकेचा व्यापार परवाना लागतोच.

जीएसटीबद्दल सर्वात जास्त गोंधळ. गोव्यात मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाख आणि सेवेला २० लाख उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. उलाढाल म्हणजे एकूण विक्री, नफा नव्हे. पण इथे गोव्याच्या भूगोलाचा एक फास आहे. करपात्र माल परराज्यात पाठवला की ही मर्यादा सहसा लागू होत नाही. पेडण्याच्या माणसाला बांदा हा शेजारचा गाव वाटतो, मात्र पत्रादेवी ओलांडून तिथल्या दुकानाला लोणच्याची पेटी पोचवली की तो आंतरराज्य पुरवठा झाला आणि पहिल्याच पेटीपासून नोंदणी हवी. काणकोणहून कारवारला, मोलेहून बेळगावकडे, तसंच. बांद्याचा माणूस तुमच्या दुकानात येऊन स्वतः घेऊन गेला तर गोष्ट वेगळी.

दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीला कंपोझिशन योजना आहे: व्यापारी आणि उत्पादकांना एक टक्का, रेस्टॉरंटला पाच. हिशेब सोपा, पण गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, खरेदीवरचा कर वळता करून मिळत नाही आणि परराज्यात माल पाठवता येत नाही. सीमेलगतच्या तालुक्यांत राहणाऱ्यांनी हे आधी तपासावं. आणि गरज नसताना ‘असू दे’ म्हणून जीएसटी क्रमांक घेऊ नका. एकदा घेतला की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावं लागतं, नाहीतर शून्याच्या विवरणपत्रालाही दिवसाला २० रुपये उशिराचं शुल्क.

‘यूपीआयने पैसे घेतले की कर लागतो, रोखीला नाही.’ कर विक्रीवर आणि नफ्यावर आहे, पैसे कसे आले यावर नाही. उलट, लहान धंद्याला अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीत रोख विक्रीवर आठ टक्के नफा धरला जातो आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर सहा टक्के. क्यूआर कोड काढून टाकणारा दुकानदार स्वतःचंच नुकसान करतो. शिवाय उद्या कर्ज मागायला गेल्यावर बँक विक्रीचा पुरावा मागेल तेव्हा गल्ल्याकडे बोट दाखवून चालत नाही.

सहावी पायरी: पैसे

सबसिडी मिळणार म्हणून धंदा काढू नका. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी तसं करणाऱ्यांची गत होते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं उदाहरण घ्या. त्यात सर्वसाधारण गटाला शहरात प्रकल्पाच्या १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान, महिला आणि इतर विशेष गटांना २५ आणि ३५. ऐकायला छान. पण ती रक्कम तुमच्या हातात येत नाही, बँकेत तुमच्या नावे तीन वर्षं अडकवून ठेवली जाते आणि युनिट चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळती होते. दुकान दोन वर्षांत बंद पडलं तर अनुदान गेलं आणि कर्ज राहिलं. आधीच सुरू केलेल्या धंद्याला ही योजना लागू नाही, त्यामुळे अर्ज करायचा असेल तर जागा सजवण्याआधी.

मुद्रा कर्ज तारणाशिवाय मिळतं: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि आधीचं तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. तारण नाही म्हणजे बँक काही विचारणार नाही असं नसतं. तुमची तीन महिन्यांची वही आणि यूपीआयच्या नोंदी इथे कामी येतात. गोव्यात ईडीसीची, म्हणजे सरकारी आर्थिक विकास महामंडळाची, मुख्यमंत्री रोजगार योजनाही आहे, पणजीला त्यांच्या कचेरीत सध्याच्या अटी विचारून या.

कर्ज कुठूनही घ्या, दोन गोष्टी मागा. पहिली, हप्ते सुरू व्हायची तारीख पावसाळ्यानंतरची. दुसरी, खेळत्या भांडवलाची वेगळी सोय. नवे लोक सगळं कर्ज फ्रीज, ओव्हन, बोर्ड यांत घालतात आणि पहिल्या महिन्याचं खोबरं उधारीवर आणतात. धंद्याचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा आणि त्यातून स्वतःला ठरलेला पगार घ्या, थोडा का असेना. मुलाची फी गल्ल्यातून गेली की धंदा चालतो की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही.

सातवी पायरी: घरातले आणि भागीदार

‘धंदा नवऱ्याचा आहे, बायकोचा काय संबंध?’ गोव्यात संबंध आहे, आणि तो कायद्याने आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कौटुंबिक बाबतींत इथे अजून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. घर किंवा दुकानाची जागा गहाण टाकायची तर दोघांची संमती लागते. बँकेत कागद घेऊन गेल्यावर हे कळलं तर पंधरा दिवस वाया जातात.

आयकरात तर याची थेट तरतूद आहे, १९६१ च्या कायद्यात ती कलम ५ए मध्ये होती. ज्यांना ही संहिता लागू होते त्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे धंद्याचा नफासुद्धा, पती-पत्नीत निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचं असतं. पुष्कळ घरांत यामुळे कर कमी होतो, कारण एकाचं मोठं उत्पन्न दोघांच्या टप्प्यांत विभागलं जातं. पण बायकोने विवरणपत्र भरलंच नाही म्हणून नोटीस आलेलीही कुटुंबं आहेत. महाराष्ट्रातून किंवा कर्नाटकातून येऊन स्थायिक झालेल्यांना हे आपोआप लागू होत नाही, तेव्हा गोव्यात काम केलेला सीए गाठा.

मित्राबरोबर भागीदारी करताना ‘आमच्यात कागद कशाला’ असं म्हणू नका. भागीदारीत एकाने केलेलं धंद्याचं कर्ज दुसऱ्याच्या घरापर्यंत येऊ शकतं. १९३२ च्या कायद्याखाली नोंदणी न केलेल्या फर्मला बुडव्या गिऱ्हाइकावर दावाही लावता येत नाही. करारात कोण किती घालणार आणि कोण किती घेणार हे सगळेच लिहितात. रोज सकाळी दुकान कोण उघडणार हेही लिहा, भांडणं तिथूनच सुरू होतात.

आठवी पायरी: उधारी

गावात दुकान असेल तर उधारी टळत नाही. मर्यादा ठरवा, माणशी एक पान, आणि महिनाअखेर वसुली. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

हॉटेलांना माल देणाऱ्यांची उधारी मात्र वेगळ्या जातीची. मोठं हॉटेल तुमचा मसाला घेतं याचा आनंद दोन महिने टिकतो, मग तिसरं बिल अडकतं. लहान उत्पादकांच्या हातात इथे एक कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार राज्याच्या सुकरता परिषदेकडे ऑनलाइन करता येते. अट ही की माल देण्याआधी तुमची उद्यम नोंदणी झालेली असावी आणि तुम्ही उत्पादक किंवा सेवा देणारे असावे. नुसता घाऊक-किरकोळ व्यापार करणाऱ्याला हा आधार मिळत नाही. व्यवहारात तक्रारीपर्यंत जायची वेळ क्वचित येते. बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘४५ दिवसांत देय’ अशी ओळ छापलेली असली तर हॉटेलचा लेखापाल ते बिल वरच्या गठ्ठ्यात ठेवतो, कारण मुदत उलटून वर्ष संपेपर्यंत न दिलेली रक्कम त्यांच्या मालकाला आयकरात त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येत नाही.

आणि बंद करायचं झालं तर

शटर ओढलं, बोर्ड उतरवला, म्हणजे धंदा बंद झाला असं लोकांना वाटतं. कागदावर तो चालूच असतो. जीएसटी क्रमांक रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र भरावं लागतं. पंचायतीला किंवा पालिकेला लेखी कळवलं नाही तर परवान्याची थकबाकी चढत राहते. एफएसएसएआयचा क्रमांक परत करा, वीजजोडणी नावावर घेतली असेल तर तोडून अनामत परत मागा, बँकेचं चालू खातं बंद करा. कंपनी असेल तर निबंधकाच्या यादीतून नाव काढण्याची वेगळी प्रक्रिया आहे. जागा सोडताना भाटकारांकडून ‘काही येणं नाही’ असं सहीनिशी लिहून घ्या, आणि शेवटच्या वीजबिलाच्या पावतीची एक प्रत स्वतःकडे ठेवा.